शाफ्टवरचा शेंदूर

सोनारीच्या देवळात तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला, की माझं दर्शनातलं लक्ष उडतं आणि मी थेट तेरणा धरणाच्या काठावर जाऊन उभा राहतो.

काठावर ओढून ठेवलेली आमची इंजिनाची होडी. आदल्याच आठवड्यात तिला पाण्यात ढकलणारा पंखा इंजिनाच्या शाफ्टवरून निसटून पाण्यात गेला होता आणि पोहता न येणारा माझा धाकटा भाऊ दुपारभर धरणाच्या मधोमध अडकला होता. नवा पंखा बसवायला तेरहून लतीफचाचा आले होते, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले.

"शेंदूर हाय का घरात?" त्यांनी विचारलं.

मी आणून दिला. त्यांनी तो तेलात कालवून शाफ्टच्या निमुळत्या टोकाला पातळ फासला. मी चक्रावलोच. चाचा पूजा करतायत? तरी मी चपला काढून हात जोडले. मग त्यांनी पंखा चढवला, दाबला आणि लगेच काढला.

"चाचा, बसलेला काढला कशाला?"

"बसला न्हाय. बघा." पंख्याच्या भोकात शेंदूर एकाच बाजूला उठला होता. "तेवढंच टेकतंय. सगळीकडं सारखा उठंल, तवाच नट आवळायचा."

चाचांनी भोक घासून आणखी दोनदा शेंदूर लावला, तेव्हा कुठे तो सगळीकडे सारखा उठला. आता कारण ठाऊक होतं, तरी माझे हात दोन्ही वेळा आपोआप जोडले गेले.

तो पंखा आजवर हललेला नाही. मला एक मात्र अजून उमगत नाही. शेंदूर नुसता तपासायला होता, तर तो जड पितळी पंखा हातात धरून चाचा दर खेपेला माझे हात खाली येईपर्यंत का थांबले होते?