आधी बघायचं, मग साहेबांना सांगायचं

सोलापूर जिल्ह्यात आजवर जे काही घडलं, ते आमच्या दाजींनी वर कळवल्याशिवाय पुरतं घडलं असं मी तरी मानत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पोलीस खात्यात शिपाई म्हणून चिकटले आणि एकही पायरी न चुकवता चढत चढत एका ग्रामीण ठाण्याचे प्रभारी झाले. मोठी घटना घडली तर प्रभारीनं स्वतः जागेवर जायचं आणि वरिष्ठांना ताबडतोब कळवायचं, असा खात्याचा नियम आहे. घटना मोठी की लहान हे ठरवायचं काम मात्र नियमानं दाजींवर सोडलं आणि तिथंच नियम फसला. कारण दाजींच्या लेखी लहान घटना ही चीजच नाही.

एकदा माळावरच्या एका मेंढपाळाचा एडका हरवला. दुसरा कुणी असता तर हवालदाराला पाठवून मोकळा झाला असता. दाजी स्वतः गेले, माळ पायाखाली घातला आणि साहेबांना फोन लावला. साहेब नेमके जेवायला बसलेले. "सर, एडका बेपत्ता हाय. परिस्थिती शांत हाय." साहेबांचं ताक संपतंय तोवर पुन्हा फोन. "सर, एडका मिळाला. आपल्या पायानं आला. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न न्हाय." साहेब वैतागून म्हणाले, "त्या एडक्याला माझा नमस्कार सांगा." दाजींनी जीप वळवली, पुन्हा माळावर गेले आणि मेंढपाळाला गंभीरपणे सांगितलं, "साहेबांनी नमस्कार सांगितलाय." त्या भल्या माणसानंही एडक्याच्या वतीनं हात जोडले. हा किस्सा मला खुद्द दाजींनीच सांगितला आणि यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही.

घरातही तीच तऱ्हा. माझ्या मुलाचं, ओंकारचं, जावळ माढ्याजवळ आमच्या गावी होतं. पंगती उठत होत्या आणि आचाऱ्यानं आमटी सरत आल्याची कुरकुर केली. दाजी चुलवणापाशी गेले, पातेल्यात पळी खालपर्यंत बुडवून बघितली आणि भर मांडवातून सरळ माझ्या वडिलांपुढं जाऊन उभे राहिले. "मामा, तिसरी पंगत बसलीया, आमटी तळाला गेली, बाकी शांतता हाय." वडील आधी दचकले, पण पुढं पुढं त्यांना ते लई आवडायला लागलं. कुणीतरी आपल्याला वरिष्ठ समजतंय हे म्हातारपणी कुणाला नको असतं? एखाद्या संध्याकाळी जावयाचा फोन आला नाही की अस्वस्थ व्हायचे. "का रं, आज जिल्ह्यात काय घडलंच न्हाय व्हय?" अक्का तर सांगते की दाजी तिला बघून गेले तेव्हा पसंती आधी साहेबांना कळवली आणि आमच्या घरी निरोप दुसऱ्या दिवशी आला. आमच्या घरात पाण्याची टाकी फुटली म्हणून माझ्या बायकोनं घाबरून फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "वैनी, कुणाला लागलं का? गर्दी किती हाय?" गर्दीत ती एकटीच होती, कमरेला पदर खोचून.

या सगळ्याला कारण चिंचा. दाजी नवीन नवीन शिपाई असताना, लग्नाच्याही आधी, त्यांच्या बंदोबस्तात एक मिरवणूक निघाली होती. कुणीतरी धापा टाकत आला आणि म्हणाला, देवळामागं पोरं दगडं मारायला लागली. दाजींनी जागचं न हलता वर कळवलं, "दगडफेक सुरू." अर्ध्या तासात साहेब आले, मागं दोन गाड्या भरून जाळीच्या टोप्या घातलेले जवान आले, दुकानांची शटरं धडाधड पडली. देवळामागं जाऊन बघतात तर पोरं चिंचा पाडत होती. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी एक चिंच उचलली, खाल्ली आणि गाडीत बसून निघून गेले. त्या न बोलण्यानं दाजी आजारी पडले. उठले ते दोन नियम घेऊनच. डोळ्यानं बघितल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय, आणि बघितल्यावर पहिलं साहेबांना, मग बाकी जगाला.

हे नियम आम्ही थट्टेवारी न्यायचो. दाजींना देवानं दर्शन दिलं तर ते वर मागायच्या आधी वर कळवतील, असं मी एकदा म्हणालो होतो. अक्कानं त्यावर लाटणं उगारलं होतं.

ओंकार शिकून चिंचोळी एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लागला. सातरस्त्याजवळ माझं चष्म्यांचं दुकान आहे. एका दुपारी मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होतो, तेवढ्यात शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. "काका, तुमच्या ओंकारच्या कारखान्यात आग लागलीया म्हणं." मोबाईलवर काळा धूर दिसत होता, दुसरं काही नाही. ओंकारला फोन लावला तर नुसती रिंग वाजत राहिली. त्या कारखान्यात आत जाताना फोन गेटवर ठेवून घेतात, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी लावत राहिलो. तिकडं घरून बायकोनं दाजींना लावला, कारण हद्द त्यांचीच. त्यांनी उचलला. "वैनी, मी जागेवर हाय. अजून पोरगं बघितलं न्हाय. बघितल्याबिगर सांगणार न्हाय." आणि ठेवला. एडक्यासाठी दोनदा फोन करणारा माणूस! बायकोनं मला हे कळवल्यावर मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो, अर्थात गिऱ्हाईक निघून गेल्यावर, रिकाम्या दुकानात.

स्कूटर काढली आणि सुटलो. कारखान्याच्या फाट्यावर पोलिसांनी अडवलं. मी म्हणालो, अहो, तुमचे साहेब माझे सख्खे दाजी आहेत. शिपाई म्हणाला, "त्यांचाच हुकूम हाय. माणसांनी रस्ता भरला की पाण्याचे बंब आत शिरत न्हाईत. साहेबांनी सांगितलंय, माझा बाप आला तरी सोडू नका." त्यांचा बाप कधीच गेला होता, मेहुणा तेवढा आला होता. तिथं बरीच माणसं उभी होती. कुणाचा नवरा आत, कुणाचा भाऊ. धुराकडं बघत मी त्या दिवशी जेवढे देव आठवले, तेवढे मला ठाऊक आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

मग बायकोचा फोन आला. "दाजींचा आला होता. म्हणले, वैनी, बघितला. डोळ्यानं बघितला. चालत आला बाहेर." मी ओरडलोच, "सापडला!" तशी सगळी माणसं माझ्याभोवती गोळा झाली. कोण कोण सापडलं? कितीजण हायती? आमचं कोण दिसलं का? मला एकच नाव माहीत होतं. ते सांगायला माझी जीभ रेटेना.

दिवेलागणीला दाजी स्वतः ओंकारला घेऊन घरी आले. दोघांचीही तोंडं काजळीनं माखलेली. सगळी माणसं सुखरूप निघाली होती, दोघंजण भाजले होते पण जिवावरचं संकट टळलं होतं. बायको दाजींच्या पाया पडायला वाकली तर ते झटकन मागं सरकले.

"नगा वैनी. चुकलं माझं."

"काय चुकलं दाजी? पोरगं आणून दिलंत की."

"गेटवर एक म्हातारी हुती. माझा हात धरून नातवाचं विचारत हुती. तिला म्हणलं, आजी, समदी बाहेर आल्याबिगर मी कुणाचंच सांगत न्हाय. अर्धवट सांगितलं की बाकीचे आत घुसत्यात. आणि तेवढ्यात ओंकार दिसला. तिच्याकडं पाठ केली अन् तुमाला फोन लावला. साहेबांनाबी न्हाय, आधी तुमाला. म्हातारी तितंच उभी हुती. तिनं समदं ऐकलं की."

"तिचा नातू?"

"आला. लई मागनं आला."

"मग झालं की हो."

"झालं. पण तवर तिनं काय करायचं?" दाजी म्हणाले आणि ताटावर बसले. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

माणसं बाहेर येऊ लागल्याचं वर कळवायला उशीर झाला म्हणून साहेबांनी खुलासा मागितला. दाजींनी लिहून दिलं की, भाचा दिसला म्हणून आधी घरी फोन केला, चूक मान्य आहे. उभ्या नोकरीतली पहिली ताकीद त्यांना निवृत्तीच्या तोंडावर मिळाली. अक्का चिडली, मीही चिडलो. दाजी म्हणाले, कमीच मिळाली.

आता ते निवृत्त झालेत. त्या फोनचा विषय घरात काढलेला त्यांना चालत नाही, उठून अंगणात जातात. माझी बायको म्हणते, "त्यांना काय चूक म्हणायचं ते म्हणू द्या. तो फोन आला नसता तर मी त्या दिवशी मेलेच असते." मला तिचं पटतं आणि दाजींचंही पटतं, आणि या दोन्हीचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही. त्या म्हातारीला मी कधी पाहिलेलं नाही. पण ओंकार समोर बसून जेवत असला की हटकून तीच आठवते, आणि मी त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढतो.