तेरा कल किधर?

उज्जैनला देवास गेटजवळ एक माणूस कॉलेजच्या मुलांचे नोकरीचे अर्ज लिहून द्यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मुलगा मनातलं बोलेपर्यंत तो पेनाचं टोपण काढत नसे.

भोपाळ राजधानी झाली तेव्हाची गोष्ट. माझा मुलगा बी.ए. झाला होता. त्याला भोपाळच्या दफ्तरात कारकून म्हणून चिकटवायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आम्ही तिघं अर्जवाल्याकडे गेलो. बायको म्हणाली, "भैयाजी, पहिले याचा कल बघा."

त्यानं हात जोडले. "माई, कल देखनेवाले ज्योतिषी तो रामघाट पर बैठते हैं. मैं अर्जी लिखता हूँ."

ही इतकी हसली की पदर तोंडाला लावला. मग तिनं समजावलं, मराठीत कल म्हणजे मन जिकडे झुकतं ते.

तो मुलाकडे वळला. "बोल, तेरा कल किधर?"

"मास्तरकी," मुलगा हळूच म्हणाला.

मी ओरडलो, "कारकुनीच लिहा!"

"दफ्तर में बैठेगा कौन, दादा? आप?"

त्यानं टोपण काढलं. अर्ज शाळेचा गेला आणि तेच बरोबर झालं, हे मी छातीठोक सांगतो. पुढे येता-जाता ऐकायचो, तो प्रत्येक पोराला विचारायचा, "तेरा कल किधर?" शब्द हिचा होता.

ही गेल्या साली गेली. मुलगा रतलामला हेडमास्तर आहे. म्हणतो, "बाबा, इकडे या." मी जात नाही. माझा मराठीतला कल उज्जैनलाच आहे. आणि हिंदीतला, गेलेला, तोही इथंच आहे.