साडूंची उघडी गाडी आणि मोईनची कूपे

आमच्या थोरल्या साडूंइतकं गाडीवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि गाडीत कोणी बसायला लागलं की त्यांच्याइतका कष्टी होणाराही दुसरा नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. नांदेडात आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेऊन ते निवृत्त झाले. त्यांची गाडी दोन माणसांची, बिनछताची, दारं माझ्या गुडघ्यापर्यंत येणारी. असल्या गाडीला रोडस्टर म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. बाकीचं नांदेड तिला टब म्हणतं. ती त्यांना सापडली भोकरजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. जुन्या मालकानं कधीकाळी हौसेनं बाहेरून मागवलेली, आणि साडूंनी पाहिली तेव्हा सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालकाचा नातू म्हणाला, आजच घेऊन जा, कोंबडी हाकलतो. साडू म्हणाले, "न्हाई न्हाई, तिचं काम होऊ द्या." पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे हे दर रविवारी भोकरला जाऊन लांबूनच गाडी बघून यायचे. पुढे ती चालती करायला त्यांना अकरा वर्षं लागली, त्यामुळे सुरुवातीच्या तीन आठवड्यांचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

त्यांचा गाडीविषयीचा सगळा धर्म एका शब्दात होता: हलकेपणा. "देवणीचे दोन बैल एका पारड्यात घाला, माझी गाडी दुसऱ्या पारड्यात. गाडी वर जाईल," हे ते लग्नात, बारशात, विहारात पौर्णिमेला, कुठेही सांगायचे. हा हलकेपणा टिकवण्यासाठी ते बसणाऱ्याला आधी खिसे रिकामे करायला लावायचे. मला एकदा विचारलं, "पाव्हणे, जेवलात?" मी म्हणालो, "हो, आत्ताच." तर म्हणाले, "मग जरा फिरून या, तोवर मी हवा बघतो." आडत बाजारातल्या काट्यावर ते दर महिन्याला स्वतःचं वजन करून घेत आणि दोन किलो वाढले की महिनाभर भात बंद. ताडपत्रीचं छत त्यांनी एका मंडपवाल्याकडून शिवून घेतलं होतं, पण त्याचं वजन अकरा किलो भरलं, म्हणून ते कायम घरीच. अक्का त्याच्यावर पापड वाळवतात.

घरात माणसं पाच आणि गाडी दोघांची. त्यामुळे कुठे जायचं झालं की अक्का आणि तिन्ही मुलं एसटीनं आणि साडू एकटे गाडीत, शेजारच्या सीटवर सगळ्यांच्या पिशव्या. थोरल्या मुलीचं लग्न झालं तेव्हा तर कमालच झाली. तिनं लहानपणापासून ठरवलं होतं, सासरी जाईन ती पप्पांच्या गाडीतून. गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही हे साडूंनी जन्मापासून ठरवलेलं. तेव्हा सासरी देगलूरपर्यंत गाडीत बाप आणि नवरी, आणि मागे मोटारसायकलवर पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव. तो पोचला तेव्हा काळ्या मातीच्या रंगाचा झालेला होता. त्याच्या आईनं त्याला ओळखलं, पण जरा वेळ लागला. आजही जावई सासऱ्यांचं नाव निघालं की आधी खोकतो आणि मग हसतो.

पण शिक्षक म्हणून ते पहिल्या प्रतीचे. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, कोणता व्हॉल्व्ह वाजतोय. पोरांनाही ते असंच शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज हैदराबादपर्यंत गॅरेज चालवतात. त्यातलाच मोईन. लातूरला त्याचं मोठं गॅरेज आहे, शिवाय खडी-मुरूम वाहणारे टिप्पर आहेत. अंगानं पैलवान, पण सरांसमोर उभा राहिला की अजून हात मागे बांधतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तो साडूंच्या दारात आला तो नवीन गाडी घेऊन. दोनच दारं, पाठ घरंगळत खाली उतरलेली, रंग पावसाळी ढगासारखा. कूपे. वेग रोडस्टरच्या दुप्पट आणि आत बसलं तर गादीवर बसल्यासारखं. सगळी गल्ली गोळा झाली. मोईन कोणाकडे बघेना.

"सर, सगळं लातूर चांगली हाय म्हणायलंय," तो म्हणाला. "पण तुम्ही चालवून सांगितल्याबगर मला ती माझी वाटंना."

साडूंनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं. "तीन बैल हायत रे हिच्यात. जास्तच, कमी न्हाई."

"हाव सर, जड हाय. पण एक डाव चालवा तर."

साडूंनी मग परीक्षाच ठरवली. सकाळी नांदेडहून लातूरला रोडस्टरनं जायचं, दुपारी त्याच रस्त्यानं कूपेतून परत यायचं, म्हणजे खड्डे दोघींना सारखे. दहापैकी गुण द्यायचे: वळण, ब्रेक, बैठक, इंजिन. वही मी धरायची. दुसऱ्या रविवारी सकाळी रिकाम्या खिशानं आणि अर्ध्या पोटी मी त्यांच्या शेजारी बसलो.

उघड्या गाडीतून तो रस्ता मी पहिल्यांदाच एवढा जवळून पाहिला. पाहिला म्हणजे खाल्लाच. लोह्यापर्यंत तोंडात धूळ, पुढे कुठे हुरड्याचा वास, कुठे गुऱ्हाळाचा, आणि टिप्पर शेजारून गेला की त्याचं चाक माझ्या कानाशी. बोलायची सोय नव्हती, वाऱ्यात स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. साडू मात्र फुलले होते. आरशात बघायचे, समोर बघायचे, पुन्हा आरशात. माळाकोळीच्या पुढे एकाएकी थांबले आणि म्हणाले, "मागचं डावं चाक. हवा कमी झाली." मी उतरून बघितलं. खिळा होता. "कसं कळलं?" मी विचारलं. त्यांनी नुसती सीटवर थाप मारली. मी वहीत वळणाला नऊ, ब्रेकला आठ, इंजिनला नऊ लिहिलं. बैठकीला ते स्वतःच दोन म्हणाले.

लातूरला जेवण झालं, रोडस्टर गॅरेजमध्ये ठेवली आणि आम्ही कूपेत बसलो. साडू स्टेअरिंगवर, मोईन शेजारी, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर मी, हनुवटी गुडघ्यावर. मागची काच आधीच चिंचोळी, ती माझ्या डोक्यानं पुरती भरली. गाव मागे पडल्यावर मोईननं हौसेनं एक बटण दाबलं. त्या गाडीत आवाज मोठा करायची सोय असते. सायलेन्सरमधून असा काही गडगडाट निघाला की रस्त्याकडेची शेळ्यांची रांग मोडली.

साडूंचा चेहरा उजळला. "काय गाडी हाय बे, मोईन!" ते म्हणाले. "इंजिन चालू हाय का बंद, कळंना. एवढी शांत गाडी मी जन्मात बघितली न्हाई."

मोईननं वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आम्हाला वाटलं, थट्टा करतायत.

चाकूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, दोन्हीकडची वाहनं एकाच बाजूनं जात होती. पुढे एक बैलगाडी. मागून एक टिप्पर ओलांडायला निघाला होता आणि हॉर्न वाजवत होता, थांबतच नव्हता. साडूंनी आरशात बघितलं, तिथे माझं डोकं. त्यांनी निवांतपणे गाडी उजवीकडे घेतली. मोईन "सर! सर!" असा ओरडला, मग झेप घालून त्यानं स्टेअरिंग ओढलं. टिप्पर आरसा चाटून गेला. साडूंनी ब्रेक दाबला आणि गाडी खडीच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली.

साडूंनी मोईनकडे तोंड करून विचारलं, "हॉर्न देत होता का रे तो?"

"हाव सर."

"किती वेळ?"

मोईन खाली बघायला लागला. ते बघून साडूंना कळायचं ते कळलं. त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"चार वर्सं झाली," ते म्हणाले. "आधी बारीक आवाज गेले, मंग सगळेच. समोरून बोललं की ओठांवरून कळतं मला. विहारात वंदना चालते तवा मी नुसता ओठ हलवतो. तुमच्या अक्काला सांगितलं न्हाई, कोणालाच न्हाई. मेकॅनिक बहिरा हाय म्हणल्यावर काय राहिलं?"

"पण गाडी, सर? सकाळी तर..."

"ती गाडी मला हाताला कळते, मांडीला कळते. काय बिघडलं तर सीटमधून वर येतं. हिच्यात काहीच वर येईना. इतकी नीट बनवलीय हिला की रस्ता न्हाई, इंजिन न्हाई, काहीच न्हाई. हिच्यात बसल्यावर कळलं मला, किती ऐकू येईना झालंय."

मागे बसून मला चार वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी उमगल्या. त्यांच्या घरी सगळेच एवढ्या मोठ्यानं का बोलतात ते. आणि त्यांना आमच्यापेक्षा ती गाडी जवळची का होती तेही. उघड्या गाडीत वाऱ्यामुळे कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. तिथे ते आणि आम्ही सारखेच.

मोईनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढा पैलवान, पण तोंडावर रुमाल धरून बसला. साडूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "रडायला काय झालं? पाव्हणे, वही काढा. परीक्षा अर्धी ठेवायची न्हाई. वळण आठ. ब्रेक दहा, दहाच लिहा, आत्ता वाचलो त्याच्यावर. बैठक दहा." इंजिनपाशी ते थांबले. उतरले, बॉनेट उघडायला लावलं, चालू इंजिनवरच्या प्लास्टिकच्या झाकणावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. पाच मिनिटं तरी. मग म्हणाले, "दहा. माझ्यापेक्षा एकानं जास्त." आणि मोईनकडे वळून, एकेक शब्द वेगळा उच्चारत: "गाडी चांगली हाय, मोईन. लई चांगली हाय. आता तू चालव."

आपली हरलेली बाजू अशी गुणांसकट लिहून देणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

पुढच्याच आठवड्यात मोईननं त्यांना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कानांत मशीन बसलं. घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. अक्का सवयीप्रमाणे स्वयंपाकघरातून ओरडल्या, "ओ, ऐकलं का?" साडू दचकून दाराला टेकले. "ऐकलं," ते म्हणाले. "एवढं ओरडायला काय झालं?" अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच, जवळजवळ कुजबुजत, पुन्हा तेच विचारलं. साडू पुन्हा म्हणाले, "ऐकलं." त्यानंतर अक्का आत गेल्या त्या चहा होऊन उतू गेला तरी बाहेर आल्या नाहीत.

दुपारी आम्ही दोघं रोडस्टर आणायला मोईनकडे गेलो. साडूंनी ती चालू केली आणि त्यांचा चेहरा पडला. दार खडखडत होतं, पत्रा किरकिरत होता, खालून कुठून तरी डबा बडवल्यासारखा आवाज येत होता. "ही एवढी वाजते?" त्यांनी मला विचारलं. "चार वर्सं मी हिला घेऊन फिरायलो आणि कोणी बोललं न्हाई?" मी म्हणालो, सगळेच बोलत होते. त्यावर ते इतके हसले की गॅरेजमधली पोरं काम टाकून बघायला आली.

त्यांनी पंधरा दिवस लातूरलाच मुक्काम ठोकून, एकेक आवाज शोधून, ती गाडी पुन्हा घासूनपुसून नीट केली. मला वाटलं, आता चालवत नांदेडला आणतील. पण मला फोन आला, "पाव्हणे, या. बसनं या, बसनंच जाऊ." गाडी त्यांनी मोईनच्या गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोरांना देऊन टाकली होती. टिप्परच्या त्या दुपारनंतर हायवेवर चालवायची हिंमत होत नाही, असं ते म्हणाले. मोईन कूपेतून सोडतो म्हणाला, त्यालाही नको म्हणाले. चावी तेवढी त्यांनी मी पोचल्यावर दिली, आणि पोरांना बजावलं, बसायच्या आधी खिसे रिकामे करायचे.

बस खचाखच भरलेली. मशीन लावलेल्या माणसाला त्या खडखडाटात त्रास होतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी खूण केली, काढून ठेवा. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. पुढच्या सीटवर दोघं जण सोयाबीनवरून भांडत होते, मागे एक पोरगी आईला वर्गातल्या कोणाची तरी चुगली सांगत होती, कंडक्टर उभ्यांना पुढे सरकवत होता. साडू मान किंचित तिरकी करून बसले होते. मध्येच हसायचे. अहमदपूरला एक म्हातारी चढली, तिनं पाठीमागून बारीक आवाजात विचारलं, "लेकरा, लोहा कवा येईल?" ते चटकन वळले. "अजून तासभर हाय, माय," म्हणाले आणि उठून तिला जागा दिली.

मग दांडीला धरून ते माझ्या शेजारी उभे राहिले, नांदेड येईपर्यंत. मला किती तरी विचारायचं होतं. मी काहीच बोललो नाही. त्यांना ऐकायचं होतं.