वेशीवर थांबलेलं लुगडं

जुन्नरला कॉलेजात शोकांतिका शिकवणारे एक सर होते. "नायक मोठा असतो, पण त्याच्यात एक खोट असते आणि तीच त्याला खाते," असं ते रंगून सांगायचे. मला त्या नाटकांतल्या राजांचा रागच यायचा. अरे बाबा, एक पाऊल मागं घे की! काय जातंय तुझं?

मग माझं लग्न झालं, खोडदला, आमच्याच दारात. मानाचा पहिला फेटा मामाचा. वडिलांनी तो एका पुढाऱ्याला बांधला. मामा, आईचा एकुलता भाऊ, मंगलाष्टकांना माझ्या पाठीशी उभा राहिला आणि न जेवता मढला, आपल्या गावी, निघाला.

"तुमी सोता बोलवल्याबिगर या घरात काय, गावच्या वेशीच्या आतबी पाय ठेवणार न्हाई."

"नका ठेवू," वडील म्हणाले. "मी काय पाया पडू?"

दोघंही शब्दाचे पक्के. गावाला त्याचं लई कौतुक!

आई दर भाऊबीजेला ताट लावून बसायची. "येईल गं," म्हणायची. पुढंपुढं ताट लावायची, 'येईल' म्हणायची मात्र नाही.

दहाएक वर्षांनी ती गेली. सवाष्णीला शेवटचं लुगडं भावाकडचं नेसवतात. मीच फोन केला. मामा आला, पण वेशीवरच थांबला, बगलेत लुगड्याचा पुडा धरून.

"मामा, चल की."

"तुझ्या बापाला म्हण, दोन पावलं पुढं या. लगेच येतो." डोळ्यांना धार लागलेली.

ओट्यावर वडीलही रडत होते. "दार उघडंच हाय. त्याला कुणी धरलंय?"

मी परत पळाले. "निदान लुगडं तरी दे!"

"असं वाटंवरून देत्यात व्हय?"

ऊन चढलं. बायका म्हणाल्या, किती ताटकळत ठेवायचं बाईला? शेवटी ट्रंकेतलं, माझ्या लग्नात तिनं नेसलेलंच लुगडं तिला नेसवलं.

तिरडी वेशीवरूनच गेली. पुढं वडील, हातात मडकं. मामानं पुड्याची दोरी सोडली, लुगडं दोन्ही हातांवर घेतलं आणि वडिलांकडं पाहिलं. वडिलांनीही पाहिलं. 'या' एवढाच शब्द हवा होता. वडील मान वळवून चालायला लागले, आणि मामानं घडी परत पुड्यात घातली.

सरांचं चुकलंच. खोट नायकाला खात नाही. वडील खोडदला आहेत, मामा मढला आहे, दोघंही दोन वेळा जेवतात. माझी आई तेवढी भावाच्या लुगड्यावाचून गेली.