दिव्याखालचा रंग

लढाईवरून परतलो तेव्हा मला वाटायचं, मोटारीतलं मला कळत नाही असं काही उरलेलंच नाही. फौजेत लॉऱ्या हाकल्या होत्या ना! त्या जोरावर पलूसला एका बागाईतदाराकडं त्यांच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर लागलो. डोकं तापट, नि तोंड त्याहून तापट.

त्या वर्षी खंडेनवमीला अवजारांबरोबर मोटारीची पूजा व्हायची होती. आमच्याकडं बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, तसे मी तिचे पुढचे दोन्ही दिवे रंगवले. नुसते वरून नव्हे. बोल्ट काढून, दिवे उतरवून, गंज चढू नये म्हणून दिवा जिथं टेकतो त्या बैठकीखालीसुद्धा रंगाचे दोन हात मारले. मालक म्हणाले, "शाब्बास!" मी फुगलो.

पुढं आठ-दहा दिवस अंधारात गाडी काढायची वेळच आली नाही. मग एके दिवशी कारभारणीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. दिवस कलला तरी सुटका होईना. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "आवं, मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. सांगलीला न्या, न्हाईतर दोघंबी जातील." मालकांकडं धावलो, तर मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मोटारीची किल्ली पुढं केली. देव माणूस!

मोटार आमच्या गल्लीत आणून तिला मागच्या सीटवर निजवलं, सुईण उशाशी बसली. इंजिन लागलं. दिव्यांचं बटण ओढलं, तर दोन्ही दिवे मेलेले. तिन्हीसांज तर झालीच होती. वाटेत ओढे, खड्डे, बिनकंदिलाच्या बैलगाड्या. दिव्याशिवाय निघणं म्हणजे तिला जाणूनबुजून खड्ड्यात घालणं.

हॉर्न वाजत होता, म्हणजे बॅटरीत जीव होता. बल्ब बदलले. वायर तोडून नवी जोडली. काही नाही. मागनं तिचं कण्हणं येत होतं. बटणाला शिव्या घातल्या, बॉनेटवर बुक्की मारली.

गल्लीत कंदील आणि वरातीच्या गॅसबत्त्या दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. गलका ऐकून ते आले. "मी बघू का?"

"रॉकेलची बत्ती न्हाई ही, चाचा! जावा, गळके डबे झाळत बसा!"

सगळ्या गल्लीसमोर बोललो. दुसरा कोणी असता तर पाठ फिरवून गेला असता. चाचांनी बल्ब काढून बॅटरीला धरला. पेटला. तो परत दिव्यात बसवला नि वायरचा एक तुकडा दिव्याच्या लोखंडापासून इंजिनापर्यंत टेकवला. झटक्यात दिवा लागला! वायर काढली, विझला.

"दिव्याखाली रंग कुणी दिला?"

"मी."

"वायरनं वीज येती, पर तिला माघारी जायाला लोखंडाला लोखंड भिडाय पायजे. तू मधी रंग घातलास, गड्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांनी बोल्ट सैल केला, दिवा उचलला, खिशातल्या चाकूनं रुपयाएवढी जागा खरवडून लख्ख केली नि बोल्ट आवळला. दिवा लागला. मी दुसऱ्याला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "येकावर जा. पोरगी कळा सोसतीया."

एका दिव्यावर निघालो. समोरचा एक गाडीवान सायकल समजून रस्त्याच्या मधूनच येत होता, जवळ आल्यावर "अगागागा!" करत बाजूला झाला. सांगलीला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले नाहीत. पहाट व्हायच्या आत मला मुलगी झाली, नि तिची आईही वाचली.

दोघींना घेऊन घरी आलो त्या दिवशी मी चाचांचे पाय धरले, गल्लीतच. अपमान चारचौघांत केला होता, मग माफीही तिथंच मागायला हवी होती. चाचा म्हणाले, "ऊठ रं. दुसरा दिवा ऱ्हायलाय न्हवं? आण मोटार."

त्यांचे उपकार फेडायची माझी ऐपत नव्हती, नि त्यांनी कधी तसं वाटूही दिलं नाही. पुढं दर खंडेनवमीला मी मोटार रंगवली, पण त्या दोन जागा सोडून.

पुष्कळ वर्षांनी, लेकीचं लग्न ठरलं तेव्हा, कारभारणीनं एक गोष्ट सांगितली. तोवर कधी बोलली नव्हती. म्हणाली, "तुमी चाचांवर वरडलासा, तवा मी मागं पडून सगळं ऐकत हुते. कळांचं भान न्हवतं मला. नुसतं म्हणत हुते, चाचा, जाऊ नगा, चाचा, जाऊ नगा."