सावंतांचा संशय आणि हाइनरिखचा जिल्हा

आमची कंपनी समुद्रातला गाळ काढायची. एकीकडे गाळ उपसावा, दुसरीकडे साचावा, तसेच किस्सेही साचत गेले. नव्वदच्या दशकातल्या शारजाच्या ऑफिसातले निम्मे किस्से एकट्या सावंतांचे. सावंत कुडाळचे, आमचे स्टोअरकीपर, स्वभावाने महासंशयी. चहात साखर जास्त पडली तरी म्हणायचे, "आज ह्येचा काय काम असा माझ्याकडे?"

* * *

नवा इंजिनियर साहेब आला जर्मनीहून. हाइनरिख, उत्तर किनाऱ्यावरच्या कुक्सहाफेन जिल्ह्यातला. जेवताना सहज म्हणाला, "ओहोटीला आमचा समुद्र इतका मागे जातो की आम्ही घोडागाडीने बेटावर जातो."

सावंतांनी बांगडा खाली ठेवला. "असलो समुद्र मी खंय बघूक नाय!" मग माझ्या कानात, "हो माणूस इंजिनियर नाय."

दुसऱ्या दिवशी ते लाँचवर गेले, दोरीला वजन बांधलं आणि साहेबाने मोजलेली खोली स्वतः मोजली. तंतोतंत जुळली.

"मग, सावंत?"

"आज जुळली. उद्या जुळात कशावरून?"

* * *

हाइनरिख म्हणाला, "ते घोडागाडीचं बेट आमच्या दारात, पण तिथला कारभार हाम्बुर्ग शहराचा. ते शहर पार लांब."

सावंत चिडलेच. "म्हणजे किल्लो मालवणात आणि घरपट्टी कोल्हापुरात?"

* * *

एकदा तर कहरच झाला. हाइनरिख म्हणाला, "माझा जन्म एका जिल्ह्यात, लग्न दुसऱ्या जिल्ह्यात. घर मात्र तेच. सरकारने जुने जिल्हे मोडून नवा केला."

"गावलो!" सावंत कुजबुजले. "दोन पत्ते सांगणारो माणूस पळान इलेलो असता!"

साहेबाकडे असायची ती स्टोअरची दुसरी चावी त्यांनी त्या दिवसापासून गळ्यात घातली. साहेब तो, आणि चावी यांच्या गळ्यात!

* * *

मग सावंतांनी बायको-मुलीच्या व्हिसासाठी अर्ज केला. किती वर्षं दोघींना सुट्टीपुरतंच बघत होते बिचारे! शारजातल्याच अल मजाज भागात छोटा फ्लॅटही भाड्याने घेऊन ठेवला होता, मुलीसाठी पडदे लावून. सरकारी कागदपत्रं बघणारा कंपनीचा पीआरओ रजेवर, म्हणून हाइनरिख स्वतः गाडी घेऊन आला. मीही सोबत व्हिसा ऑफिसात गेलो.

काउंटरवरच्या अरब अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला. जन्म कुडाळ, जिल्हा रत्नागिरी. मग लग्नाचा दाखला बघितला. कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग.

"गाँव एक, डिस्ट्रिक्ट दो? ये पेपर नकली है?"

सावंतांचा चेहरा पांढराफटक. "नो सर! रत्नागिरी बडा था, सरकारने काटके दो किया! हम उधर ही है, घर उधर ही है!"

"डिस्ट्रिक्ट को कौन काटता है?"

मला तर रडूच यायला लागलं. तेवढ्यात हाइनरिख पुढे झाला. "सर, माझंही असंच आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "जिल्हा बदलला. घर जागचं हललं नाही."

अधिकाऱ्याने एकदा कोकण्याकडे बघितलं, एकदा जर्मनाकडे. आणि खदखदून हसला.

"हबीबी, मैं इधर शारजा में ही पैदा हुआ. तब तो ये मुल्क ही नहीं था, वो तो बाद में बना!"

धाडकन शिक्का मारला. "खलास. यल्ला, फॅमिली को बुलाओ!"

बाहेर आल्यावर सावंतांनी डोळे पुसले, गळ्यातली चावी काढली आणि हाइनरिखच्या हातात ठेवली. तो बिचारा चावीकडे बघतच राहिला.

गाडीत सावंत हळूच माझ्याकडे झुकले.

"मुलुखच नव्हतो, तर त्या हापसराचो जन्मदाखलो खरो कशावरून?"