नेर्सीचे घड्याळ

नव्या वस्तूंचे सोहळे करण्यात आमच्या पोर्तो आलेग्रे शहराचा हात कोणी धरणार नाही. कोणाच्याही परवानगीवाचून बनवता येतील असे खुल्या आराखड्याचे प्रोसेसर आले, तेव्हा भाषणे झाली, फिती कापल्या गेल्या आणि एका उत्साही खात्याने डोंगराकडच्या वाचनालयांना त्या प्रोसेसरांचे संगणक वाटूनही टाकले. त्यांवर चालणार काय, हे कोणी ठरवलेच नव्हते. मी ते लेखी विचारले होते. उत्तर अद्याप यायचे आहे.

तो प्रश्न आपला मानला तो नेर्सी बालेस्त्रिनने. नेर्सी पन्नाशी ओलांडलेली, एका बस कंपनीची वेळापत्रके घरी बसून जुळवणारी बाई. शनिवारी दुपारी ती बॉम फिम भागातल्या एका चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत येई. तिथे आम्ही काही जण कोरुइरा नावाची ऑपरेटिंग सिस्टिम फुकट तयार करतो आणि फुकट वाटतो. कोरुइरा म्हणजे अंगणातले एवढेसे तपकिरी पाखरू. नेर्सीच्या आन्तोनियो प्रादो गावच्या वाचनालयात ते नवे संगणक चादरीखाली पडून होते, आणि वाचनालय सांभाळणारी तिची वहिनी ओदेते दर फोनला त्यांची चौकशी करी.

प्रोसेसरांच्या या नव्या घराण्यासाठी कोरुइरा कशी उभी करायची, याची योजना नेर्सीने आखली. दही लावायला आधी दही लागते. तसेच, प्रोग्राम घडवणारा प्रोग्राम घडवायलाही तोच आधी हवा. म्हणून पहिले विरजण जुन्या प्रोसेसरवरून आणायचे आणि पुढचे सगळे नव्यावरच लावायचे. दोन वर्षे तिने हे निगुतीने केले. ऑगस्टअखेर कोरुइराच्या नव्या आवृत्तीचे दार बंद व्हायचे होते. त्याआधी आमच्या मंडळाची मान्यता मिळाली नाही, तर वाचनालयातली चादर आणखी दोन वर्षे निघणार नव्हती.

जुलैच्या सभेत आमचा आवृत्तिप्रमुख वाल्दोमिरो घाईत होता. त्याला फुटबॉलचा सामना गाठायचा होता.

"सगळं चालतंय ना? मग करा हात वर आणि सुटा."

"थांब रे जरा," नेर्सी म्हणाली. "आपलाच नियम आहे, निदान एकाचं रोजचं काम नव्या प्रोसेसरवर चालायला हवं. कोणाचं चालतं?"

कोणाचेच चालत नव्हते. प्रत्येकाने चाचणी घेतली होती ती आपल्या जुन्या संगणकावर. नव्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम त्यात चालवून.

"म्हणजे सगळे पाहुणे. राहायला कोणीच नाही," नेर्सी म्हणाली.

"मग तू राहा की! आम्ही येऊ जेवायला," वाल्दोमिरो म्हणाला.

त्या दिवशी माते, म्हणजे आमचा पानांचा कडू चहा, तुंब्यात भरण्याची पाळी नेर्सीची होती. पहिला तुंबा भरणाऱ्याने स्वतः प्यायचा असतो. तो सर्वांत कडू, पानांचा चुरा तोंडात येणारा. दुसऱ्याला तो देणे असभ्यपणाचे. नेर्सीने तो नळीने तळापर्यंत ओढला आणि तोंड वाकडे केले. "पहिला माझाच ना? झालं तर मग."

दुसऱ्याच आठवड्यात तिने आपला जुना संगणक ओदेतेला देऊन टाकला. परतीची वाट नको म्हणून. मी तिला सावध केले होते, तेही लेखी.

एका सकाळी तिचा फोन आला.

"प्रोफेसर, आज तारीख काय हो?"

"अठरा जुलै."

"माझ्याकडे एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर. मी तीन वर्षांची आहे आणि बँक मला आत घेत नाही."

त्या स्वस्त संगणकात बॅटरीचे घड्याळच नव्हते. बंद झाला की तो वेळ विसरे. आमचा नकली प्रोसेसर मात्र यजमान संगणकाच्या घड्याळात गुपचूप डोकावत असे, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. खरी वेळ विचारायला नेटवर जावे, तर तारीख जुनाट म्हणून नेट दार उघडत नसे. आमच्या एवढ्या मोठ्या योजनेत घड्याळ हा शब्दच नव्हता. संगणक बनवणाऱ्यांना मी खरमरीत पत्र धाडले. त्यांनी माझे अभिनंदन केले. कशाबद्दल, ते कळले नाही.

"चिडता कशाला?" नेर्सी म्हणाली. "रोज सकाळी तीन वर्षांची होते मी. या वयात आणखी काय हवं?"

बसची वेळापत्रके सत्तर सालच्या तारखेने निघू लागली, तशी कंपनीतूनही थट्टा सुरू झाली. ती हसे आणि हाताने तारीख बदले. मग तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला: बंद होताना संगणकाने शेवटची वेळ टिपून ठेवायची, आणि उठल्यावर तिथून पुढे मोजायचे.

"रात्री झोपलो तेव्हा किती वाजले होते, एवढं तरी आठवावं ना माणसाला," ती म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिने तो संगणक टोपलीत घालून सभेला आणला.

"काय गं, तुझं बाळ आज किती वर्षांचं?" वाल्दोमिरोने विचारले.

तिने तो सुरू केला. पडद्यावर आदल्या संध्याकाळची वेळ उमटली. क्षणभर थांबून त्याने नेटला विचारले आणि उडी मारून आमच्या वेळेत आला.

"एक रात्र मागे. एवढं चालतं मला," नेर्सी म्हणाली.

सगळे हात वर गेले. माझाही.

ऑक्टोबरात, आमच्याकडच्या वसंतात, आन्तोनियो प्रादोच्या वाचनालयातली चादर निघाली. खात्याने छायाचित्रकार पाठवला. छायाचित्रात खातेच होते, नेर्सी कुठेही नव्हती. त्याच सुमारास ओदेतेने फोन केला, "आता नवे सुरू झालेत, तुझा जुना संगणक परत घेऊन जा गं." नेर्सीने सांगितले, "ठेव तुझ्याकडेच, पाककृती लिही त्यावर."

छायाचित्राबद्दल मी वृत्तपत्राला निषेधाचे पत्र लिहिले आणि पुढच्या शनिवारी तिला वाचून दाखवले. तुंबा भरता भरता तिने शेवटपर्यंत ऐकले.

"छान लिहिलंय. कोणत्या संगणकावर लिहिलंत?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"जुन्यावरच ना?" पहिला घोट घेऊन ती समाधानाने हसली. "सोमवारी येते तुमच्याकडे. तुमचाही ओदेतेला देऊन टाकू."